थंयसरची वाळू

१

सुगंधाच्या तोंडाला अख्खी वाडी वचकून असायची, आणि वचकावं असंच ते तोंड होतं. उजाडता उजाडता ती कळशी घेऊन पुळणीवर उतरायची ती कुणाला ना कुणाला शिव्या घालतच. कधी कुंपण उकरून गेलेल्या कुत्र्यांना, कधी बाटल्या टाकून गेलेल्या पर्यटकांना, आणि रोज न चुकता त्या रिसॉर्टवाल्याला.

रिसॉर्टवाल्याला तर कितीही घाला, कमीच. त्यानं आधी समुद्राच्या तोंडावर चिऱ्याची भिंत घातली, मग भिंतीमागं लाल मातीचे डंपर ओतले, वर हिरवळ लावली आणि रात्रभर जळणारे दिवे सोडले. पहिल्याच पावसाळ्यात भिंतीवर आपटून मागं फिरलेल्या लाटांनी पुढची वाळू ओढून नेली. उरली ती पुळण अरुंद, टणक आणि लालसर. अंडी घालायला आलेली कासवी भिंतीपर्यंत यायची, तिथंच घुटमळायची आणि एकही अंडं न घालता माघारी फिरायची. सकाळी वाळूत तिच्या येण्याजाण्याच्या खुणा तेवढ्या दिसायच्या.

"बाळंतपणाक इलेल्या बायलेक दारातसून परत धाडतत मेले! शिरा पडो तेंच्या तोंडार," असं सुगंधा म्हणायची. म्हणताना तिला खरोखरच रडू यायचं, आणि रडू आल्याचा पुन्हा वेगळा राग यायचा.

तिचा नवरा सत्यवान हा गावचा कासववाला. वनखात्यानंच त्याला नेमलं होतं. पहाटे पुळण चालायची, खुणांवरून घरटं शोधायचं, अंडी बादलीत अलगद काढायची आणि माडांजवळच्या जाळीच्या कुंपणात, म्हणजे हॅचरीत, घागरीच्या आकाराचा खड्डा काढून पुन्हा पुरायची. प्रत्येक खड्ड्यावर तारखेची काठी. पुढचं सगळं काम वाळूचं. वाळू फार भिजली तर अंडी कुजतात, फार सुकली तर चिंबतात, फार तापली तर आतल्या आत शिजतात. आदल्या वर्षी लाल माती मिसळलेली वाळू भरली गेली आणि निम्म्याहून जास्त अंडी कुजली. सत्यवाननं ती उकरली तेव्हा वाडीभर घाण सुटली होती. दोन दिवस तो धड जेवला नाही.

म्हणून यंदा त्यानं सगळी वाळू बदलली. खाडीच्या तोंडाकडून टेम्पो भरभरून नवी आणवली. पांढरी, रव्यासारखी, हाताला किंचित ओलसर. सुगंधानं ती मुठीत घेऊन पाहिली आणि कधी नव्हे ती खूश झाली.

"ह्या वाळूत माणूस सुद्धा सुखान निजात," ती म्हणाली.

पौषातली एक सकाळ. थंडी अशी की पायाची बोटं बधिर व्हावीत. सुगंधा अनवाणी हॅचरीत शिरली, काठ्यांच्या रांगांमधून जपून चालत पलीकडल्या कोपऱ्यात गेली, आणि तिथं तिचा पाय पोळल्यासारखा मागं आला. पोळण्याइतकं काही नव्हतं म्हणा. नुसती ऊब होती. पण आजूबाजूची वाळू बर्फासारखी आणि हा एवढा तुकडा तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळासारखा.

त्या कोपऱ्यात काठी नव्हती. तिथं अंडी पुरलीच नव्हती.

२

"उन्हान तापली आसतली," सत्यवान म्हणाला. तो जाळी शिवत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"ऊन? सूर्य अजून डोंगराआड आसा! काय बोलतास काय तुमी?"

"मग कालचा ऊन."

"कालचा ऊन एकाच कोपऱ्यात थांबला? कित्याक? कोपऱ्याक आवडला म्हणान?"

सत्यवान तसा कमी बोलणाराच. सुगंधा बोलायची ते दोघांचं मिळून होऊन जायचं.

चार दिवसांनी वनरक्षक सृष्टी आली. कणकवलीची पोर, नोकरीत नवी, पण कामाला चोख आणि सुगंधाला न घाबरणारी. तिच्याकडं वाळूत खुपसायचा लांब दांड्याचा थर्मामीटर होता. तिनं तो कोपऱ्यात खुपसला, बघितलं, काढून पुसला आणि पुन्हा खुपसला.

"काकू, इथं घरटं आहे ना? पिल्लं मोठी व्हायला लागली की त्यांच्याच अंगाची ऊब वाळूला लागते. ही तसलीच ऊब आहे."

"मग काठी खंय आसा?"

"पडली असेल. कुत्र्यानं नेली असेल." सृष्टी हसली. "आणि वाळू अशीच गरम राहिली ना, तर आतल्या सगळ्या मुलीच होणार. कासवांचं असंच असतं. गार वाळूत नर, गरम वाळूत माद्या."

"बघा! म्हणजे चेडू की झील, ता वाळू ठरयता?" सुगंधाला ते ऐकून मोठी गंमत वाटली. "तरी बरा, सासवेक कोण बोल लावूक नाय!"

सृष्टी हसली, सुगंधा हसली. सत्यवान मात्र तांब्या उचलून विहिरीकडं निघून गेला.

सुगंधानं मनाशी उजळणी केली. यंदाची प्रत्येक बादली तिनं स्वतः धरली होती. कोपऱ्यात काही पुरलं असतं तर तिला ठाऊक नसतं काय? मग वाटलं, असेलही. नवऱ्यानं घाईत एखादं घरटं तिथं घातलं असेल आणि काठी लावायची राहिली असेल. माणूस चुकतो. तिनं ते स्वतःला पटवलं, आणि पटलं नाही म्हणून दिवसभर भांड्यांवर राग काढला.

३

पिल्लं दर्यात जाताना बघायला पर्यटक जमतात, त्या कासव महोत्सवाच्या मांडवाचे बांबू घेऊन बाबू टेम्पोवाला आला तो माघातल्या एका दुपारी. वाळूही त्यानंच आणली होती. माणूस फोंडाघाटचा, घाटाखालच्या बाजारपेठेत वाढलेला, त्याला समुद्र म्हणजे नुसता बघायचा. चहा पिता पिता त्यानं आपलीच पाठ थोपटायला सुरुवात केली.

"वाळू कशी आसा, वहिनी? एक नंबर ना? तुमच्या मालकांनी माका केवड्याच्या बनाच्या अलीकडली काढूक सांगितल्यानी होती. पण ती जाडी, सगळे शिंपलेच. मगे मी बनाच्या मागल्या अंगाक गेलंय. थंय बघतंय तर काय, लोणी! खोरा मारूचा पण काम नाय."

सुगंधानं चहाचं भांडं खाली ठेवलं.

"मागल्या अंगाक?"

"होय तर. थंयसर."

त्या जागेला नाव नाही. वाडीत कुणी तिला नाव दिलं नाही आणि देणारही नाही. दात यायच्या आत गेलेल्या पोरांना जाळत नाहीत. त्यांना बनाच्या मागं नेतात आणि वाळूत ठेवतात. पुरुषच जातात, बायकांनी जायचं नसतं. वर दगड नाही, फूल नाही, खूण नाही. कुणाचं पोर गेलं की एवढंच बोलायचं, ‘थंयसर नेला’, म्हणजे तिथं नेला, आणि खाली बघायचं. कुणी कधी बोललंच नाही, तर फोंडाघाटच्या बाबूला कळणार कुठून? सत्यवाननं त्याला वाळू कुठून काढ ते सांगितलं. कुठून काढू नको ते सांगायला त्याची जीभ रेटली नाही. आता बोला!

सुगंधाचं पोर थंयसर होतं.

आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या, बाहेर पाऊस झोडपत होता, रस्त्यावर फणस आडवा पडलेला, दवाखान्यात न्यायला गाडी नाही. घरातच सगळं झालं. सुगंधा शुद्धीवर आली तेव्हा पोर घरात नव्हतं. "मेलेलाच जन्माक इला. चेडू होता," सासूनं सांगितलं. सत्यवान मागीलदारी पाय धूत होता. त्याचे पाय घोट्याच्या वरपर्यंत वाळूनं भरलेले होते, तेवढं तिला दिसलं. तिनं ते पोर पाहिलं नाही, हातात घेतलं नाही. नेमकं कुठं ठेवलं ते सत्यवानला कितीदा विचारलं, तर प्रत्येक वेळी, "इसारलंय." पुढं मूल झालं नाही. सासूही गेली. आज ती पोर असती तर कणकवलीच्या कॉलेजात जाती, एसटीच्या खिडकीतून आईला हात करती. हा विचार सुगंधा रोज करायची आणि कुणाला सांगायची नाही. तिला एवढंच पाहिजे होतं, आपलं पोर कुठं आहे ते कुणीतरी एकदा सांगावं.

आणि आता ती जागा खोऱ्यानं उपसून, टेम्पोत भरून, आणून ओतली होती.

बाबू गेल्यावर तिनं दार लावून घेतलं.

"माझ्या चेडवाक टेम्पोत घालून हाडलात?"

"माका म्हायत नव्हता."

"कधी कळला?"

सत्यवान बाबूची कपबशी उचलू लागला.

"कधी कळला, इचारतंय मी!"

"अंडी घातल्यार."

"आणि गप रवलात? रोज माका थंय पाणी मारूक लावलात! रोज मी थंय पाय दितंय! माणूस आसास की धोंडो? उचला ती वाळू. आत्ताच्या आत्ता परत न्हेवन घाला!"

"अंडी आसत तेच्यात," तो हळूच म्हणाला. "आता हलयली तर सगळी मरतली."

त्याचं खरं होतं, आणि म्हणूनच तिचा राग दुप्पट झाला. अंडं पुरल्यावर काही तासांतच आतला जीव वरच्या बाजूला चिकटून बसतो. मग ते जरा कुठं फिरवलं की गेलं. हे तिला ठाऊक होतं. एका पोरासाठी एवढ्या पोरांना मारायचं? तिनं कपाळ बडवून घेतलं.

"पिल्लां दर्यात गेली काय सगळी वाळू परत थंयसर. एक कण हंय रवता नये. आणि तेवा तुमी माका जागा दाखयतलास."

सत्यवाननं मान हलवली, पण तिच्याकडं बघितलं नाही.

४

त्यानंतर ती दुपारची हॅचरीत जाऊन बसू लागली. वर हिरवी जाळी, खाली काठ्यांच्या रांगा, पलीकडं समुद्राची गाज. कोपऱ्यात बसायचं आणि हात त्या उबेवर ठेवायचा. बाकीची वाळू दुपारपर्यंत सुकून पांढरी पडायची. तो तुकडा ओलाच राहायचा.

पिल्लं फुटायला आली की घरट्याला कान लावला तर आत खरखर ऐकू येते, कुणी वाळलं पान चुरगळावं तशी. सत्यवाननंच तिला ते शिकवलं होतं. तिनं एकेका काठीजवळ कान लावला. खरखर होती. मग कोपऱ्यात वाकली.

तिथं खरखर नव्हती. आधी काहीच नव्हतं. मग एक बारीक, ओला आवाज आला आणि थांबला. पुन्हा आला, पुन्हा थांबला.

कुर्ली असेल, तिनं स्वतःला सांगितलं. खेकडे तोंडातून फेस काढतात, त्याचा आवाज होतो. नाहीतर पाणी झिरपत असेल. काहीही असेल. पण तो आवाज तिच्या ओळखीचा होता. दुसऱ्या बायकांच्या पदराखालून तिनं तो जन्मभर ऐकला होता. पोर पिताना मध्येच थांबतं आणि श्वास घेतं, तसा.

"येडी झालंस काय गो?" ती स्वतःवरच खेकसली आणि उठून घरी आली. तरी संध्याकाळी पुन्हा गेलीच.

आणि तिला आणखी एक गोष्ट दिसू लागली. सत्यवान कोपऱ्याच्या वाटेला जात नव्हता. सगळ्या रांगांना पाणी मारायचा, तेवढा कोपरा सोडून. मग एके दिवशी त्यानं तिथं चिरे आणून मांडले.

"ह्या काय?"

"कुत्रे उकरतत."

"बाकी घरटी उकरनत नाय? एकाच कोपऱ्यार तुमचो एवढो जीव?"

येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पर्यटकाला सत्यवान बजावत असे, की वाळूवर पाय देऊ नका. वाळू वरून दाबली की पिल्लाला वर येता येत नाही, ते आतच गुदमरतं. आणि तोच माणूस चिरे मांडत होता. तिनं ते उचलून कुंपणाबाहेर फेकले. खालच्या बाजूनं ते तव्यासारखे तापलेले होते. दुसऱ्या दिवशी चिरे पुन्हा तिथंच. तिनं पुन्हा फेकले. नवराबायकोनं त्यावर एक अक्षर काढलं नाही. भांडणाचा तिला कधी कंटाळा नव्हता, पण या एका गोष्टीवर भांडायची तिला भीती वाटत होती.

सृष्टी आली, तिनं थर्मामीटर बघितला आणि म्हणाली, "हे काही बरोबर वाटत नाही. एवढ्या गरमीत अंडी टिकणार नाहीत. सत्यवान काका, उकरून बघू या का?"

"तिथं हात लावायचा नाही, मॅडम!"

तो इतक्या जोरात ओरडला की सृष्टी दोन पावलं मागं सरली. सत्यवानला कुणी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. सुगंधानं त्याच्याकडं पाहिलं. तो रागावलेला नव्हता. भीतीनं त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

५

महोत्सवाच्या आदल्या दिवशी भर दुपारी आभाळ भरून आलं. मांडवातली माणसं जेवायला गेली होती. वारा पडला, ऊन विझलं आणि वाळू बघता बघता निवली. वाळू निवली की पिल्लांना संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. सगळी घरटी एकदम उकलली.

एरवी सुगंधा त्या दृश्यानं वेडी व्हायची. वाळू हलायची, एक इवलंसं काळं डोकं वर यायचं, मग त्याच्यामागून उकळी फुटल्यासारखी शंभर. कुंपणाचं दर्याकडचं दार सत्यवाननं उघडून ठेवलं होतं. पिल्लांनी तिकडं धाव घ्यायची.

एकही पिल्लू तिकडं गेलं नाही.

सगळ्या रांगांतली सगळी पिल्लं कोपऱ्याकडं वळली. तिथं जाऊन थांबली, एकमेकांवर न चढता, गोल करून, माना वर काढून.

"दर्या हंय आसा रे, हंय!" सत्यवान ओंजळीनं पिल्लं उचलून दाराशी सोडू लागला. ती वळायची आणि परत कोपऱ्याकडं चालू लागायची. दोनदा केलं, तीनदा केलं. मग तो थांबला.

कोपऱ्यातली वाळू खचत होती. पिल्लं फुटताना घरट्यावर वाटीएवढा खळगा पडतो. हा खळगा आधी परातीएवढा झाला, मग तिच्याहून मोठा, लांबट. कडेची वाळू सुळसुळत आत जात होती. आणि खळग्याचा तळ हळूच वर आला, खाली गेला. पुन्हा वर आला.

सुगंधाच्या तोंडून शब्द फुटेना. असल्या बाईच्या तोंडून!

सत्यवाननं खळग्यात उडी मारली आणि तो वाळू चेपू लागला. टाचांनी. कडेकडेनं आत, गोल फिरत, एका पायावर सगळा भार देत, मग दुसऱ्या. घाबरलेला माणूस कसाही पाय आपटतो. हा तसा आपटत नव्हता. त्याच्या पायांना ते काम ठाऊक होतं. घोट्याच्या वरपर्यंत ते वाळूत गेले होते, आणि तो खाली बघत, कुणाची तरी समजूत काढावी तसा पुटपुटत होता.

"गप रव बाय, गप रव. झाला. आता झाला. गप रव."

सुगंधानं ते ऐकलं. इतकी वर्षं न मिळालेलं उत्तर तिला मिळालं.

मेलेल्या पोराला कुणी गप राहायला सांगत नाही.

"मेल्या!" ती किंचाळली. लग्न झाल्यापासून तिनं त्याला अरेतुरे केलं नव्हतं. "ता जिता होता! जिता होता रे ता!"

"आये म्हणाली, वाचाचा नाय..." सत्यवानचे पाय थांबले नव्हते. "म्हणाली, तू शुद्धीर येवच्या आदी न्हे..."

तिनं दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर असा धक्का दिला की तो जाळीवर जाऊन आदळला. मग ती गुडघ्यांवर बसली आणि हातांनी वाळू ओढू लागली. पिल्लं तिच्या मांड्यांना लागून उभी होती, एकही हललं नाही. वरची वाळू उबदार होती, खालची गरम होती, त्याच्याखाली भाकरीच्या पिठासारखी मऊ आणि ओली. तिचा हात कोपरापर्यंत गेला, मग दंडापर्यंत. तिला वाटलं होतं, खाली काहीतरी इवलंसं लागेल. तिनं त्यासाठी तळहात वाटीसारखा धरला होता.

आतून तिचा हात कुणीतरी धरला.

ती मूठ इवलीशी नव्हती. ती बोटं तिच्याच बोटांएवढी होती, लांब, तरण्या पोरीची. त्यांनी तिच्या मनगटाला घट्ट विळखा घातला आणि स्वतःला वर ओढायला सुरुवात केली.

सुगंधानं हात मागं घेतला नाही. मागं कुंपणाचं दार खडखडलं. सत्यवान बाहेर पडायला बघत होता. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिचा आवाज नेहमीसारखाच चढा लागला, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा.

"पळतंस खंय रे? हंय ये! चेडू मोठा झाला, माका एकट्येक झेपाचा नाय. ये नि हात लाव."